फाटकवाल्याची उलटतपासणी

माझी बायको एका जहाजावरच्या आचाऱ्यासाठी रडली, तेव्हा माझ्या उजव्या हाताला प्लास्टर होतं.

हा आचारी सिनेमातला. त्याच्या कागदांवर कोणीतरी चुकीचा शिक्का मारला होता, म्हणून त्याला कुठल्याच बंदरावर उतरू देत नव्हते. ती अमरावतीहून फोनवर मला ही कहाणी सांगत होती आणि सांगता सांगता तिचा आवाज भरून आला. "काय करणार होता हो तो बिचारा," ती म्हणाली, "त्याच्या हातात काय होतं?" मी अकोल्यात, जठारपेठेतल्या घरी, डाव्या हातानं वरण-भात खात होतो. कोर्टाच्या पायरीवरून घसरून मनगट मोडलं होतं. ते कळल्यावर ती मिळेल त्या गाडीनं आली होती, डॉक्टर, एक्स-रे, औषधं, सगळं तिनं केलं. मला चार दिवस भरवलंसुद्धा. पण डोळे कोरडे. मी बघत होतो ना, एकदाही पदर डोळ्यांकडे गेला नाही.

आता सांगा, माणसाच्या डोक्यात तिडीक जाईल की नाही. नवऱ्याचा हात मोडला तर "कॅल्शियमची गोळी विसरू नका", आणि जन्मात कधी भेटणार नाही अशा आचाऱ्यासाठी गळा दाटून येतो. मी तिला म्हटलं, "माझ्यासाठी कधी रडली का तू अशी?" ती हसली. "तुमाले काय झालं रडण्यासारखं? हाड जुळून राहिलं ना?" मी फोन ठेवला. भातात मीठ कमी होतं, त्याचाही राग मी त्या आचाऱ्यावर काढला.

आमचं लग्न झालं तेव्हापासून ही अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते आणि मी अकोल्यात वकिली करतो. दोन गावांत अंतर असं फार नाही. मधे मूर्तिजापूर लागतं, तिथं एसटीचा ड्रायव्हर चहाला रेंगाळला नाही तर सकाळी निघालेला माणूस जेवायच्या आत पोचतो. मुलगी शाळेत होती तोवर हिनं रोज जाणं-येणं केलं. मुलगी शिकून बाहेरगावी नोकरीला लागली आणि हिची पाठ बोलायला लागली, तेव्हा हिनं अमरावतीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आठवडा तिकडं आणि शनिवारी संध्याकाळी घरी, असं ठरलं. शनिवारी संध्याकाळी मी अशिलांना बसू देत नसे. बसस्टँडवर स्कूटर लावून उभा राहायचो. ती उतरायची, पिशवी माझ्या हातात द्यायची, आणि घरी पोचेपर्यंत आठवडाभराचं सगळं बोलून व्हायचं.

दरवर्षी ती एकदा विचारायची, "तुमी अमरावतीले काहून येत नाही? तिकडे बी कोर्ट आहे." आणि मी म्हणायचो, "माझ्या हातात काय आहे?" आणि खरंच, काय होतं? वडिलांनी उभी केलेली वकिली. पुढच्या खोलीतलं ऑफिस, त्यात त्यांची वेताची खुर्ची. बाळापूरकडचे अशील, ज्यांचे आजे माझ्या वडिलांकडे येत. शेतीच्या वाटपाचे दावे असे जुने, की मूळ भांडणारे गेले आणि आता त्यांचे नातू भांडतात. मी उठून गेलो तर या लोकांनी कोणाकडे बघायचं? ती सगळं ऐकून घ्यायची. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "खरं आहे. तुमी तरी काय करणार." ते तिनं असं म्हटलं की मला फार बरं वाटायचं. मी त्या वाक्याची वाट बघायचो म्हटलं तरी चालेल.

मग त्या सिनेमांनी माझे शनिवार नेले.

अमरावतीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे मॅनेजरसाहेबच म्हणतात. पत्नी वारलेली, मुलं परदेशी, घरात मोठा हॉल. शनिवारी चार वाजता ते खिडक्यांचे पडदे ओढून हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर ताणतात आणि दहा-पंधरा माणसांना सिनेमा दाखवतात. सगळे जगभरचे, खाली इंग्रजी अक्षरं पळतात तसले. आणि विषय एकच. ज्याचं काही चालत नाही असा माणूस. घरातून निघायला सांगितलेली म्हातारी, कारखाना बंद पडलेला कामगार, मुलगा तुरुंगात असलेला बाप. साहेबांचं म्हणणं असं, की जिंकणाऱ्याला बघायला अख्खा देश बसला आहे, हरणाऱ्याकडे आपण आठवड्यातून दोन तास बघितलं तर काय बिघडलं. ही तिथं एकदा गेली आणि अडकलीच. आता ती शनिवारी संध्याकाळी येईनाशी झाली. रविवारी सकाळच्या गाडीनं यायची, डोळे सुजलेले असायचे, आणि पोह्यावर लिंबू पिळता पिळता ती मला कालच्या अभाग्याची गोष्ट सांगायची.

काही जणांना वाटेल, याला मॅनेजरसाहेबांचा संशय आला असेल. नाही हो. साहेबांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे आहेत, आणि ते सगळ्या बायकांना "बेटा" म्हणतात. माणूस चांगला आहे. त्यांच्यावर जळता आलं असतं तर किती सोपं झालं असतं, जाऊन भांडलो असतो. मी जळत होतो तो चादरीवरच्या लोकांवर. त्यांच्याशी कसं भांडणार? ते तर धड मराठीही बोलत नाहीत.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट आली. अमरावतीत कठोऱ्याच्या रस्त्यावर एक इमारत उठत होती आणि हिनं तिथं फ्लॅट घ्यायचं ठरवलं. "निवृत्तीपर्यंत काय भाड्याच्याच घरात राहू?" हे तिचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की एका बाजूला एक बेडरूमवाले फ्लॅट होते आणि दुसऱ्या बाजूला दोन बेडरूमवाले. तिनं मला विचारलं, "एक घेऊ का दोन?" विचारताना ती भाजी निवडत होती, माझ्याकडे बघितलंही नाही. पण मी वकील आहे, साधा दिसणारा प्रश्न मला बरोबर कळतो. दोन म्हणजे तुमच्या पुस्तकांना, तुमच्या खुर्चीला, तुमच्या अशिलांना एक खोली. दोन म्हणजे तुम्ही येताय. एक म्हणजे मी माझ्यापुरतं बघते, आणि मग कोण शनिवारी येतं नि कोण नाही याचा हिशोब सोडून देते. मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "बिल्डर दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणे." मी म्हटलं, "माझ्या हातात काय आहे, तुलाच माहीत आहे." तिनं निवडलेल्या भाजीची देठं गोळा केली. मग म्हणाली, "हो. माहीत आहे."

कोर्टाला सुटी असते त्या शनिवारी मी स्वतःच अमरावतीला जायला लागलो. म्हटलं, बघू तर खरं या लोकांत असं काय आहे जे आमच्यात नाही.

त्या घरात एक पद्धत आहे, ती सांगितली पाहिजे. सिनेमा संपला की दिवा लगेच लावायचा नाही. चादर कोरी होते, पंखा फिरत राहतो आणि सगळे अंधारात गप्प बसतात. ज्याला रडायचं त्यानं रडून घ्यावं, डोळे पुसून घ्यावेत, कोणी कोणाकडे बघू नये, म्हणून. मग साहेब काठी टेकत उठतात आणि बटण दाबतात. त्यानंतर चहा-चिवडा, आणि मग एकेकानं बोलायचं. पहिल्या दिवशी मला ही पद्धत फारच थोर वाटली. पण तो अंधार माझ्या वाट्याला असा आला, की मी कान लावून बसायचो. डाव्या बाजूला बायको. आधी तिचा श्वास अडखळायचा. मग बांगडी वाजायची, म्हणजे पदर वर गेला. मग नाक ओढल्याचा बारीक आवाज. मी मनात हिशोब करायचो, की कामगारासाठी एवढं, म्हातारीसाठी एवढं, तुरुंगवाल्याच्या बापासाठी तर दिवा लागल्यावरही चालूच. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि माझ्या नावावर एक थेंब नाही.

अंगाची आग व्हायची, दुसरं काय. वडील गेले तेव्हा मी घरातली सगळी कामं रडू गिळून केली, तेव्हा ही माझ्या पाठीशी उभी होती, पण रडली ती सासऱ्यासाठी. मोठा दावा हरलो, वर्तमानपत्रात आलं, तेव्हा हिनं भरल्या वांग्याची भाजी केली. सगळं प्रेमानं, त्यात खोट काढायची नाही. पण मला प्रेम नको होतं, मला ते नाक ओढणं पाहिजे होतं. मी त्या कामगाराला मनात शिव्या घातल्या. लेका, तुझी नोकरी गेली म्हणून तुला सगळं जग बघून राहिलं, माझी गेली नाही हा माझा गुन्हा झाला काय?

चहाच्या वेळी माझी बोलायची पाळी आली की मी कायदा सांगायचो. त्या म्हातारीला मनाई हुकूम घेता आला असता, कामगाराला कामगार न्यायालय होतं, बापाला जामिनाचा अर्ज. लोक हसायचे. "वकीलसाहेब, दुसऱ्या देशातला कायदा आहे तो." बायकोही हसायची, पण कमी. एकदा घरी आल्यावर म्हणाली, "त्यायच्या दुःखावर तुमी काहून एवढे तुटून पडता?" मी म्हटलं, "मले त्यायचं दुःख दिसतच नाही. मले सोंग दिसते." ती म्हणाली, "असं नका म्हणू." आणि तिच्या डोळ्यांत मला काहीतरी दिसलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

नवरात्र लागलं होतं. अंबादेवीच्या रस्त्यावर गर्दी, ऊन ऑक्टोबरचं, पावसाळा संपलेला पण उकाडा मेचा. दसरा तोंडावर आला होता आणि मी अजून एक की दोन ते बोललो नव्हतो. तीही परत विचारत नव्हती. त्या शनिवारी साहेबांनी फाटकवाल्याचा सिनेमा लावला.

थंडीच्या देशातलं एक रेल्वेचं फाटक. चहूकडे बर्फ. एकटा माणूस फाटक उघडतो, बंद करतो. त्याचा बापही तिथंच हेच काम करत होता, त्याचा कंदील हा अजून वापरतो. गाड्या कमी होत होत रोज एकच उरते. मोठ्या स्टेशनचा साहेब दोनदा येतो, सांगतो, चल, तिकडं तुला जागा ठेवली आहे. हा मान हलवतो नि जात नाही. मग ती एक गाडीही बंद होते. शेवटी रूळ उखडून नेतात, आणि हा त्या उघड्या जागेत कंदील घेऊन उभाच. सिनेमा संपला.

अंधार झाला. आणि माझ्या डाव्या बाजूला बायको हुंदके देऊन रडली. बांगडी नाही, नाक ओढणं नाही, सरळ हुंदके. तोंडावर पदर दाबून ती पुढं वाकली. पुढच्या रांगेतल्या बाईनं मागं वळून न बघता हात मागं केला आणि हिचा गुडघा थोपटला. तोही पद्धतीचाच भाग असावा. मी तिला थोपटायला हवं होतं, ते कळत होतं मला. पण मी खुर्चीत ताठ बसलो होतो, आणि त्या फाटकवाल्याचा मला एवढा हेवा वाटला की दात दुखायला लागले. हा माणूस कोण माझ्या बायकोला असं रडवणारा? यानं केलं काय तर उभा राहिला.

दिवा लागला. चहा आला. मी चिवडा घेतला नाही. साहेबांनी सुरुवात करायच्या आधीच मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मला या माणसाची उलटतपासणी घ्यायची आहे. त्याच्या बाजूनं उत्तरं कोण देईल?"

लोकांना गंमत वाटली. साहेब म्हणाले, "मी देतो, वकीलसाहेब. विचारा."

"मोठ्या स्टेशनचा माणूस दोनदा येऊन याला बोलावून गेला, हे म्हणणं खरं आहे?"

"खरं आहे."

"यानं त्याला नाही म्हटलं नाही आणि हो बी म्हटलं नाही, हे खरं आहे?"

"मान हलवली त्यानं. पण त्याचे वडील तिथं..."

"वडील वारले होते की नाही, एवढंच सांगा."

"वारले होते."

"रोज संध्याकाळी गाडी फाटकापाशी हळू व्हायची. ड्रायव्हर हात करायचा. याला चढता आलं असतं?"

"चढता आलं असतं."

"याला कोणी बांधून ठेवलं होतं?"

"नाही."

"शेवटी त्या रस्त्यानं माणूस काय, कुत्रं बी जात नव्हतं. मग हा फाटक कोणासाठी लावत होता?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सवय होती त्याची." मला तेच पाहिजे होतं.

"सवय होती," मी म्हटलं. "मग त्याला अडकलेला म्हणू नका. त्याला जाता येत नव्हतं असं नाही, त्याला जायचं नव्हतं. 'माझं काही चालत नाही' हे सांगणं फार सोयीचं असते. कोणाला नाही म्हणावं लागत नाही, आणि वरून लोकं बिचारा म्हणतात. आणि आपण इथं बसून त्याच्यासाठी रुमाल ओले करून राहिलो."

मग साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "तुम्ही जिंकलात, साहेब. माझ्याकडे उत्तर नाही." दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या. मी इतक्या वर्षांत कोर्टात शेकडो उलटतपासण्या घेतल्या, पण अशी रंगलेली एकच. अजूनही माझं तेच मत आहे. मी बायकोकडे बघितलं. तिचे डोळे पूर्ण कोरडे झाले होते आणि ती माझ्याकडे बघत होती, नीट, जसं वर्गात एखाद्या पोरानं पहिल्यांदा बरोबर उत्तर दिल्यावर बघत असेल.

तिथून निघालो तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. तिच्या स्कूटीवर मी मागं बसलो. राजकमल चौकाच्या अलीकडं तिनं गाडी थांबवली, गिला वड्याच्या गाडीपाशी. मला तो आवडतो म्हणून ती थांबते. दह्यात बुडवलेल्या वड्यांच्या दोन प्लेटा घेऊन आम्ही कडेला उभे राहिलो.

"तुमचं पटलं मले," ती म्हणाली.

"काय?"

"तो जाऊ शकत होता. मी उगीच रडली त्याच्यासाठी."

काय सांगू मला काय वाटलं ते. इतक्या शनिवारांचा जळफळाट एका क्षणात निवला. फाटकवाला गेला, आचारी गेला, कामगार गेला, सगळे एका दणक्यात निकाली. मी आणखी एक प्लेट सांगितली. तिनं स्वतःची प्लेट संपवली, हात धुतला, रुमालानं बोटं एकेक पुसली.

"सोमवारी बिल्डरले सांगून टाकते," ती म्हणाली. "एकच बेडरूम."

"काहून? मी कुठं नाही म्हटलं अजून?"

"हो बी कुठं म्हटलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेलं असतं, रागावर मला बोलता येतं. ती म्हणाली, "इतके वर्षं मी लोकायले सांगत राहिली, का आमचे हे अडकले आहेत, त्यायच्या हातात नाही. कॉलेजात सांगितलं, पोरीले सांगितलं. मॅनेजरसाहेब एकदा म्हणाले, बेटा, तू फार रडतेस. मी त्यायले म्हटलं, साहेब, मले पडद्यावर आमचे हेच दिसतात. तो आचारी बी हेच. अन् आजचा फाटकवाला तर पहिल्यापासून तुमीच होते. सासरेबुवायची खुर्ची, अन् तुमी तिच्यात बसलेले, अन् शनिवारची वाट पाहून राहिले." तिनं रुमालाची घडी घातली. "मले वाटे, या माणसाचं काही चालत नाही, मी याले आणखी काय म्हणू. म्हणून थांबली होती. पण आज तुमीच सांगितलं, का त्याले जायचंच नव्हतं."

माझ्या हातात दुसरी प्लेट होती. मी म्हटलं, "मी अन् तो काय एक आहे?"

"मी नाही म्हटलं," ती म्हणाली. "केस तुमीच चालवली."

आणि तिनं स्कूटीला किल्ली लावली.

ज्यांच्यावर मी जळत होतो, ते सगळे मीच होतो. ते हुंदके माझे होते. अंधारात कान लावून मी जे मोजत होतो ते सगळं माझ्याच नावावर जमा होत होतं, आणि मी उठून, दहा-पंधरा साक्षीदारांसमोर, हो-नाहीत उत्तरं घेऊन, माझ्याच विरुद्ध निकाल लावून घेतला. याच्यावर अपील कुठं करायचं?

रविवारी मी अकोल्याला परत आलो. तिनं सोमवारी बिल्डरला एक सांगितलं, फोन करून मला कळवलंही, जसं आपण कोणाला गाडीची वेळ कळवतो. मी खुर्चीत बसलो होतो. समोर बाळापूरचा एक अशील होता, ज्याच्या आज्याचा दावा माझ्या वडिलांनी घेतला होता. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा मी इथं नसलो, तर तुमी कोणाकडे जासान?"

त्यानं विचारसुद्धा केला नाही. "जाऊ ना समोरच्या वकिलाकडे. त्याच्याकडे पोराचं एक काम देल्लंच आहे." मग माझं तोंड बघून घाईनं म्हणाला, "हा दावा तुमच्यापाशी ठेवला तो काहून, का मोठ्या साहेबायपासून येतो आमी. काढून नेला तर तुमाले वाईट वाटीन."

म्हणजे तो माझ्यासाठी थांबला होता आणि मी त्याच्यासाठी. मी त्याला पुढची तारीख सांगितली आणि चहा पाजला. तो गेल्यावर बऱ्याच वेळानं मी उठलो.

होळीच्या आधी मी अमरावतीला राहायला आलो. एक बेडरूम म्हणजे किती लहान असते ते राहिल्याशिवाय कळत नाही. दोन बेडरूमवाली बाजू तोवर विकली गेली होती. माझी पुस्तकं पलंगाखाली आहेत, अशील स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतात, तेही अजून मोजकेच. नव्या कोर्टात मला कोणी ओळखत नाही. वेताची खुर्ची आणली, पण तिला जागा नाही, म्हणून ती बाल्कनीत असते. बायको तिच्यावर पापड वाळत घालते. मी आलो त्या दिवशी तिनं मला मिठी मारली, वर "आले एकदाचे" असं म्हणाली, आणि हसली. रडली नाही. मी बघत होतो.

आम्ही शनिवारी साहेबांकडे जातो, आता दोघं चालतच. मागच्या शनिवारी एका नावाड्याचा सिनेमा होता. नदीवर पूल झाला आणि त्याच्या होडीत कोणी बसेना. सिनेमा संपला, चादर कोरी झाली, अंधार. माझ्या डाव्या बाजूला बांगडी वाजली. नाक ओढल्याचा बारीक आवाज आला.

मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "कोण दिसलं?"

"कोणी नाही," ती हळूच म्हणाली. "हाच. नावाडी."

"अन् मी?"

"तुमाले काय झालं आता? तुमी तर आले ना."

मी रुमाल काढून तिला दिला. दिवा लागायला अजून वेळ होता. अकोल्यात एक वकील खुर्चीत बसून शनिवारची वाट बघायचा, त्याच्यासाठी ती किती शनिवार रडली, आणि त्या येड्याला त्याचा पत्ताही नव्हता. मला त्याचा फार हेवा वाटतो.